रक्तदाबाची चिठ्ठी कोण लिहितो?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बाजार समितीच्या आवारात हमाली करणारे आमचे एक जुने सहकारी कचेरीत आले आणि त्यांनी हातातील प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. पिशवीत गोळ्यांची पाच पाकिटे होती आणि दोन निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या. “यांतल्या कोणत्या ठेवू आणि कोणत्या सोडू, तेवढं सांगा,” एवढेच त्यांचे मागणे होते. पाचही गोळ्या घ्याव्यात तर महिन्याकाठी दोन-तीन दिवसांची हमाली औषधाच्या दुकानात जाई. आणि घेतल्याच, तर पोते पाठीवर घेऊन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. म्हणून ती पिशवी घेऊन आम्ही एका डॉक्टर मित्राकडे गेलो. त्याने पाकिटांवरील ठळक नावांकडे पाहिलेच नाही. पाकिटे उलटी करून मागच्या बाजूस बारीक टाइपात छापलेली मूळ नावे तो वाचू लागला. पहिल्या पाकिटात टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन अशी दोन औषधे एका गोळीत होती. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते, तशी ती यांच्याही आली. सूज दाखविण्यासाठी ते घराजवळच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी सूज उतरावी म्हणून लघवीची एक जोरकस गोळी दिली, आणि दाब अजून चढा आहे असे पाहून आणखी एक रक्तदाबाची गोळी दिली. या नव्या गोळीचे नाव अगदी वेगळे होते; पण तिच्यात होते तेच टेल्मिसार्टन आणि जोडीला आणखी एक लघवीचे औषध. चौथी गोळी पित्ताची, पाचवी जीवनसत्त्वांची. म्हणजे एकच औषध दोन नावांनी, दोन किमतींनी पोटात जात होते. एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरे औषध चालू होते. आणि भर उन्हात घाम गाळणाऱ्या माणसाच्या शरीरातील पाणी दोन-दोन गोळ्या बाहेर काढीत होत्या. अंधारी येणार नाही तर काय होईल!

मित्राने पाचांतून दोन औषधे ठेवली आणि ती फुकट मिळावीत म्हणून त्यांना सरकारी रुग्णालयात पाठविले. तिथे त्या आठवड्यात नेमकी त्यांतील एक गोळी शिल्लक नव्हती; ‘बाहेरून घ्या’ असे सांगण्यात आले. पुढच्या खेपेस दुसरी नव्हती. दोन खाडे बुडाल्यावर आमच्या सहकाऱ्यांनी आपल्यापुरता निर्णय घेतला आणि सगळ्याच गोळ्या बंद केल्या. गोळ्या बंद केल्यावर अंधारी येईनाशी झाली, म्हणून आपण बरे झालो अशी त्यांची समजूत झाली. दिवाळीनंतर एके पहाटे त्यांची उजवी बाजू गेली.

या पिशवीतून कोणा एका डॉक्टरचा हलगर्जीपणा शोधून काढला तर मन हलके होईल, पण प्रश्न हातचा निसटेल. दोन्ही डॉक्टर आपापल्या परीने उपचारच करीत होते. आपल्याला विचारावयाचे आहे ते निराळेच: रक्तदाबाची औषधयोजना ही आज वैद्यकशास्त्रातील सर्वांत सरळ, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त तपासून पाहिलेल्या गोष्टींपैकी एक असताना ती सामान्य माणसाच्या हाती पडेपर्यंत इतकी गुंतागुंतीची, महाग आणि बेभरवशाची कशी होते?

प्रथम मोजण्याविषयी. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांच्या पुढे, तोही वेगवेगळ्या दिवशी मोजून तसाच आला, तर औषधाचा विचार करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ साली व्याख्येची ही रेषा १३० आणि ८० अशी खाली ओढली आणि एका रात्रीत त्या देशातील कोट्यवधी माणसे रुग्ण ठरली. रेषा कुठे ओढावी यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. आपल्याकडे मात्र रेषेपेक्षा मोजमापच अधिक वादग्रस्त आहे. माणसाने पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, दंड हृदयाच्या पातळीवर असावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा आणि निदान दोनदा मोजावे, हा साधा नियम. दवाखान्यात जिना चढून आलेल्या, तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या, तपासणीचे पैसे किती होतील या काळजीत असलेल्या माणसाचा दाब शर्टाच्या बाहीवरूनच एकदा मोजला जातो आणि त्या एका आकड्यावर जन्माची गोळी लिहून दिली जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के एकतर चढ्या दाबाचे आढळले किंवा त्यासाठी औषध घेत होते. एवढ्या मोठ्या समूहाच्या बाबतीत मोजण्यातील निष्काळजीपणा ही बारीक चूक राहत नाही. काहींना नको असलेले औषध मिळते, आणि ज्यांना खरोखर हवे ते तर दवाखान्याची पायरीच चढलेले नसतात; कारण हा रोग दुखत नाही.

आता औषधांविषयी. या औषधांचा इतिहास कार्यकर्त्यांनी मुद्दाम माहीत करून घेण्याजोगा आहे, कारण त्याचा एक मोठा टप्पा मुंबईत घडला. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघा बंगाली वैद्यकतज्ज्ञांनी तिचा रक्तदाबावरील परिणाम नोंदविला. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर तिचा पद्धतशीर प्रयोग करून त्याचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि मग साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. तीन वर्षांत एका स्विस कंपनीच्या प्रयोगशाळेने तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. मुळी येथील, अनुभव येथील, चाचणी येथील; पुढचा व्यापार मात्र तेथील. हा क्रम आपल्याला इतर अनेक क्षेत्रांतून परिचित आहेच.

रक्तदाब औषधाने उतरविला तर माणूस खरोखर वाचतो काय, हे १९६७ पर्यंत निर्विवाद सिद्ध झालेले नव्हते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतून डॉ. एडवर्ड फ्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांना दोन गटांत विभागले. एका गटास लघवीची गोळी, रेसर्पीन आणि हायड्रॅलझीन अशी तीन औषधे दिली. दुसऱ्यास निव्वळ साखरेची गोळी. औषध न मिळालेल्या गटात २७ जणांना गंभीर विकार जडले, औषध मिळालेल्यांत दोघांना. फरक इतका प्रचंड होता की प्रयोग लांबविणे अनैतिक ठरले असते. त्या तीन औषधांपैकी एक आपल्या सर्पगंधेचे होते, आणि तो प्रयोग सरकारी पैशावर, सरकारी रुग्णालयांत झाला होता, या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

दुसरा मोठा प्रयोगही सार्वजनिक पैशाचाच. पेटंट संपलेली जुनी लघवीची गोळी बरी, की तिच्या कितीतरी पट किमतीची नवी औषधे बरी, हा प्रश्न कोणतीही कंपनी स्वतःच्या खर्चाने विचारणार नव्हती. उत्तर गैरसोयीचे निघण्याचा धोका होता. तो अमेरिकेच्या सरकारी हृदयरोग संस्थेने विचारला. पंचावन्न वर्षांवरील ३३,३५७ रुग्णांना क्लोरथॅलिडोन ही जुनी गोळी, ॲम्लोडिपिन किंवा लिसिनोप्रिल यांपैकी एक देऊन कित्येक वर्षे पाहण्यात आले. डिसेंबर २००२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका आणि त्याने येणारा मृत्यू टाळण्यात तिन्ही सारखीच ठरली. हृदय दुर्बल होण्याच्या बाबतीत जुनी गोळी ॲम्लोडिपिनपेक्षा सरस ठरली, आणि अर्धांगवायू टाळण्यात लिसिनोप्रिलपेक्षा. बाजाराच्या वागण्यात या निकालाने जेवढा बदल व्हावयास हवा होता, तेवढा झाला नाही. स्वस्त गोळीची जाहिरात करण्यास कोणाचा प्रतिनिधी येणार?

या अनुभवातून जे शहाणपण निपजले ते थोडक्यात असे. बहुसंख्य रुग्णांसाठी औषधांचे तीन वर्ग पुरतात. पहिला ॲम्लोडिपिनसारख्या, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांचा. दुसरा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल यांसारख्या, मूत्रपिंडातून सुरू होणारी दाब वाढविणारी साखळी तोडणाऱ्या औषधांचा. आणि तिसरा क्लोरथॅलिडोनसारख्या लघवीच्या गोळ्यांचा. प्रत्येकाची खोड ठाऊक आहे. पहिल्याने पाय सुजतात. दुसऱ्यातील एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो, आणि हा सबंध वर्ग गरोदर स्त्रीला वर्ज्य आहे. तिसऱ्याने रक्तातील पोटॅशियम घटते. खोड माहीत असली की तिच्यावर दुसरे औषध न देता मात्रा कमी करता येते किंवा वर्ग बदलता येतो. आमच्या सहकाऱ्याच्या सुजेवर हेच करावयास हवे होते. ती सूज अंगात पाणी साठल्याची नसते, त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी हटतही नाही.

ॲटेनोलॉल हे आपल्याकडे सवयीने लिहिले जाणारे आणखी एक औषध. केवळ रक्तदाबासाठी पहिली निवड म्हणून जागतिक संघटना आता त्याची शिफारस करीत नाही. हृदयाचा दुसरा काही विकार असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय ते एकाएकी बंद केले तर दाब आणि हृदयाची गती उसळी घेऊ शकते. ज्याची पुढच्या महिन्याची गोळी मजुरी मिळण्यावर अवलंबून आहे, त्याला हे औषध लिहिताना डॉक्टरने दोनदा विचार केला पाहिजे. सवयींचेच आणखी एक उदाहरण द्यावयाचे तर, दाब फार चढलेला दिसला की निफेडिपिनची कुपी टोचून तिचा द्रव जिभेखाली टाकण्याची रीत एके काळी सर्वत्र रूढ होती. दाब झपाट्याने उतरे, डॉक्टरला आणि नातेवाइकांना समाधान वाटे, आणि अधूनमधून एखाद्याच्या मेंदूला वा हृदयाला रक्तच पुरेनासे होई. १९९६ च्या सुमारास या रीतीविरुद्ध स्पष्ट इशारे प्रसिद्ध झाले. तरीही ती बराच काळ टिकली. आकडा उतरला म्हणजे रुग्ण सुधारला, ही समजूत दोन्ही बाजूंना सारखीच प्रिय आहे.

एक गोष्ट मात्र वैद्यकाच्या ग्रंथांत सापडणार नाही, आणि ती आपल्या कार्यकर्त्यांनीच डॉक्टरांना सांगितली पाहिजे. चिठ्ठी लिहिताना रुग्णाचा दिवस कसा जातो हे कोणी विचारीत नाही. बीडहून सहा-सहा महिने ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला लघवीची गोळी सकाळी घ्यावयास सांगितली जाते, कारण रात्रीची झोप मोडू नये असा पुस्तकी नियम आहे. तिला सकाळपासून दुपारपर्यंत उघड्या फडात कोयता चालवायचा असतो. आडोसा नसतो, असला तरी मुकादमाची नजर असते. ती बाई काय करते? पाणी प्यायचे सोडते, किंवा गोळी. दोन्हींपैकी काहीही केले तरी कागदावर ‘रुग्ण औषध नियमित घेत नाही’ एवढीच नोंद होते. तिच्यासाठी निराळ्या वर्गाची गोळी निवडणे किंवा वेळ बदलून देणे यात वैद्यकीय अडचण सहसा नसते. अडचण एवढीच की हा प्रश्न विचारण्यासाठी दोन मिनिटे लागतात, आणि ती ना खासगी दवाखान्याच्या हिशेबात बसतात, ना सरकारी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत.

मग चिठ्ठी कशावरून ठरते? मोठ्या प्रमाणात ती बाजारावरून ठरते, असे म्हणण्यात कोणावर व्यक्तिगत आरोप नाही. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ साली आपला अहवाल दिला, त्यात सुमारे सव्वाशे अत्यावश्यक औषधांची यादी होती आणि व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस होती. १९७८ च्या औषधधोरणात ती शिफारस आकसून अवघ्या पाच औषधांवर आली, आणि तीसुद्धा न्यायालयात अडकली. किंमतनियंत्रणाचे तेच झाले. १९७९ च्या आदेशाखाली ३४७ औषधे होती. १९८७ मध्ये ती सुमारे १४० वर आणि १९९५ मध्ये ७४ वर आली. २०१३ च्या आदेशाने यादी पुन्हा मोठी झाली, पण किंमत ठरविण्याची रीतच उलटी केली: औषध तयार करण्यास किती खर्च येतो हे न पाहता, बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या मालाच्या किमतींची सरासरी काढायची आणि तीच कमाल किंमत धरायची. ज्याला आवरायचे त्यालाच मोजपट्टी धरायला सांगण्यासारखे हे आहे. त्यावर घाऊक किंमत निर्देशांकानुसार वाढ मिळते, ती वेगळी. एप्रिल २०२३ मध्ये ती १२ टक्क्यांहून अधिक होती.

नियंत्रण ठरावीक औषधाच्या ठरावीक मात्रेवर असते. त्यामुळे दोन-तीन औषधे एका गोळीत मिसळून नव्या नावाने आणण्याचा मोह कंपन्यांना होतो. एका गोळीत दोन औषधे असणे मुळात वाईट नाही, हे येथे सांगितले पाहिजे. गोळ्यांची संख्या घटली की माणूस त्या नेमाने घेतो, म्हणून जागतिक संघटनाही अशा जोडगोळीच्या बाजूची आहे. दोष आहे तो एकाच जोडगोळीला शेकडो नावे असण्यात. आमच्या सहकाऱ्याच्या पोटात टेल्मिसार्टन दोनदा गेले ते या नावांच्या जंगलामुळे. दुसऱ्या डॉक्टरने पहिली चिठ्ठी पाहिलीही असेल, पण प्रत्येक कंपनीचे प्रत्येक नाव कोणाच्या स्मरणात राहणार?

औषध मूळ नावाने लिहावे असे वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ पासून आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये अधिक कडक नियम काढले आणि तीन आठवड्यांच्या आत ते स्थगितही केले. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप असा की मूळ नाव लिहिले तर कोणत्या कंपनीचा माल द्यायचा ही निवड डॉक्टरच्या हातून दुकानदाराच्या हाती जाते. दुकानदार जास्त नफ्याचा माल देईल, आणि त्याच्या दर्जाची हमी कोणी द्यावी? हा आक्षेप आपण उडवून लावता कामा नये. तो खरा आहे. परंतु त्याचे उत्तर व्यापारी नाव हे नव्हे. नावाच्या आत काय आहे हे तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा आणि निरीक्षक वाढविणे, हे त्याचे उत्तर आहे. कंपन्यांच्या भेटीगाठींविषयी २०१५ पासून ऐच्छिक संहिता होती. २०२४ मध्ये नवी आली, पण तिलाही कायद्याचे दात नाहीत. असा कायदा व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेली ती औषध प्रतिनिधींचीच अखिल भारतीय संघटना. उन्हातान्हात दवाखान्याबाहेर बॅग घेऊन ताटकळणारा तो तरुणही विक्रीच्या उद्दिष्टाला जुंपलेला पगारी कामगार आहे, हे आपण सहज विसरतो.

दुसरी वाट आहे, आणि ती आपल्याच राज्यात चालून पाहिलेली आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम हाती घेतला. पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत तो प्रथम सुरू झाला; त्यांत महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. त्याचे मर्म अगदी साधे आहे. प्रत्येक डॉक्टरने आपल्या मर्जीने निवड करण्याऐवजी राज्याने एक ठरीव क्रम करावयाचा: आधी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, महिन्याने दाब आवाक्यात आला नाही तर टेल्मिसार्टनची जोड किंवा मात्रेत वाढ, त्यानेही भागले नाही तर क्लोरथॅलिडोन. राज्याराज्यांत क्रम थोडा बदलतो. ज्यांना मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण आहे त्यांचा विचार वेगळा. पहिली पायरी ॲम्लोडिपिनची ठेवण्यात व्यवहार आहे: ते सुरू करताना रक्ततपासणीसाठी अडून राहावे लागत नाही. औषधे मोजकीच ठरली की किती लागतील हे आधी मोजता येते, आणि घाऊक खरेदी स्वस्त पडते. प्रत्येक रुग्णाचे कार्ड असते. जो ठरल्या दिवशी आला नाही त्याला फोन जातो किंवा आशाताई घरी जातात. पुढच्या महिन्याची गोळी उपकेंद्रावर मिळते, म्हणजे मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागत नाही. बहुतेकांचा दाब एक किंवा दोन औषधांतच आटोक्यात येतो, असे दिसून आले. या उपक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचा पुरस्कारही मिळाला.

काही डॉक्टर या ठरीव क्रमाला ‘पाककृतीने केलेली वैद्यकी’ म्हणून नाक मुरडतात. प्रत्येक रुग्ण वेगळा, असे ते म्हणतात. प्रत्येक रुग्ण वेगळा असतो हे खरे. पण आमच्या सहकाऱ्याच्या पिशवीत जो वेगळेपणा होता तो त्यांच्या शरीराचा नव्हता, दुकानाचा होता. क्रम ठरलेला असला म्हणजे खरोखर वेगळा असणारा रुग्ण उलट लवकर ओळखू येतो, आणि डॉक्टरचा वेळ त्याच्यासाठी मोकळा राहतो. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात एका मोठ्या आरोग्यविमा संस्थेने हाच मार्ग धरला तेव्हा २००१ मध्ये ४४ टक्के असलेले नियंत्रण २००९ पर्यंत ८० टक्क्यांवर गेले. भांडवलशाहीच्या माहेरघरीसुद्धा, जिथे खर्च एकाच खिशातून होतो तिथे, हिशेब बरोबर जमतो!

आपल्याकडे हा मार्ग अडतो तो गोळीच्या पुरवठ्यावर. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. निर्णय चांगलाच आहे. पण केसपेपर फुकट आणि गोळी बाहेरून, असे झाले तर त्याचा अर्थ काय उरतो? राज्याची औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे सोपविली गेली, ओरड होत राहिली, आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण झाले. तमिळनाडूने असे महामंडळ १९९४ सालीच स्थापन केले: खरेदी एकत्र, जिल्ह्याजिल्ह्यात कोठार, प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी, आणि रुग्णालयाच्या हाती कोठारातून माल उचलण्याचे पासबुक. त्या पायावर उभे राहून त्यांनी ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या घरोघर पोचवावयास सुरुवात केली. पायाच नसता तर पोचविणाऱ्याच्या पिशवीत काय असते?

पुरवठा खंडित होणे ही रक्तदाबाच्या बाबतीत किरकोळ गैरसोय नव्हे. तापाची गोळी दोन दिवस उशिरा मिळाली तर ताप स्वतःच आठवण करून देतो. रक्तदाबाची गोळी तीन महिने मिळाली नाही तरी शरीर तक्रार करीत नाही. ते एकदमच निकाल देते. म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील काही महिन्यांत आपापल्या भागातील प्रत्येक उपकेंद्रावर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रावर जाऊन एवढेच विचारावे: ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी यांचा साठा आज किती आहे, तो किती रुग्णांना किती दिवस पुरेल, आणि गेल्या सहा महिन्यांत किती दिवस तो शून्य होता? उत्तर वहीत तारखेसह लिहून घ्यावे. भाषणे त्यानंतर. आशाताईंशी आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांशी भांडू नये. साठा संपला की लोकांचे बोलणे त्यांनाच खावे लागते, आणि वरून मागणी त्यांनीच कळविली नाही असे ठरविले जाते.

ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांसाठी वेगळी मागणी करावी लागेल. ज्यांचा दाब स्थिर आहे त्यांना जाताना एका महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात, आणि त्यांचे कार्ड सांगली-कोल्हापुरातील किंवा सीमेपलीकडे बेळगावातील कोणत्याही सरकारी केंद्राने मान्य करावे. कार्डावरची खूण यंत्राने वाचून नोंद काढण्याची सोय या उपक्रमात आहेच. ती कारखान्याच्या तळापर्यंत न्यावयाची एवढेच बाकी आहे. हमालांच्या बाबतीत तर आपल्याला सरकारची वाट पाहण्याचेही कारण नाही. पंचायतीच्या कचेरीत एक चांगले यंत्र, दोन मापांचे पट्टे आणि टेकून बसण्यासाठी एक खुर्ची ठेवली आणि दोन तरुणांना नीट मोजावयास शिकविले, तर पगाराच्या दिवशी सगळ्यांची नोंद होईल. औषध मात्र डॉक्टरनेच लिहावे. कोणाच्या गोळ्या आपण ठेवू अथवा सोडू नयेत. पाकिटे उलटी करून मागचे बारीक अक्षर वाचून दाखवावे, एवढे आपण करू शकतो.

आमच्या सहकाऱ्यांच्या घरी गेल्या आठवड्यात जाऊन आलो. बोलणे अजून नीट उमटत नाही. उशाशी आता दोनच पाकिटे असतात, दोन्ही सरकारी. त्यांच्या पत्नी दर महिन्याला उपकेंद्रावर जाऊन ती आणतात. मागल्या खेपेस एकच मिळाले, दुसरे सोमवारी या म्हणाले. सोमवारी त्यांचे धुण्याभांड्याचे काम असते. आम्ही त्यांच्याकडून कार्ड मागून घेतले आहे. सोमवारी आमच्यातील एक जण जाईल.